‘मिडियम’: स्वप्नात खून पाहणाऱ्या अ‍ॅलिसनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही मालिका नेमकी आहे तरी कशाबद्दल?

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याची राजधानी फिनिक्स. तिथे अ‍ॅलिसन दुब्वा नावाची एक बाई ‘जो’ नावाच्या नवऱ्यासोबत राहते. पदरी तीन मुली. तिला रात्री स्वप्नं पडतात आणि त्यात घडून गेलेले किंवा घडणारे गुन्हे दिसतात. कधी मेलेली माणसं भर दिवसा तिच्यासमोर येऊन बसतात, बोलतात, भांडतातसुद्धा; मृतांशी असं बोलणाऱ्या माणसालाच इंग्रजीत ‘मिडियम’ म्हणतात. वकिलीचं शिक्षण घेण्याच्या इराद्याने ती जिल्ह्याच्या सरकारी वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करायला जाते आणि थोड्याच दिवसांत त्यांची सल्लागार होऊन बसते. सल्ला कुठून येतो, हे मात्र फारसं कुणाला सांगायचं नाही.

एनबीसी वाहिनीवर पहिला भाग ३ जानेवारी २००५ ला दाखवला गेला, शेवटचा २१ जानेवारी २०११ ला सीबीएसवर. एकूण सात सीझन, १३० भाग. निर्माता ग्लेन गॉर्डन कॅरन. ऐंशीच्या दशकात ‘मूनलायटिंग’ ही नायक-नायिकेच्या नोकझोकीची गुप्तहेर मालिका यांनीच केली होती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

भूतबाधेची, घाबरवणारी मालिका आहे का?

नाही. थोडी भीती वाटते, पण दारं आपटणं, पांढरी साडी, किंकाळी या वळणाची नाही. भुतं इथे बहुतेक वेळा साध्या कपड्यांतली, जरा वैतागलेली माणसं असतात. अंगावर काटा येतो तो स्वप्नांतल्या हिंसेने.

‘द मेंटलिस्ट’ आणि ही एकच का?

दोन वेगळ्या मालिका. ‘द मेंटलिस्ट’चा (२००८ ते २०१५) नायक पूर्वी दिव्यशक्तीचं ढोंग करणारा भोंदू असतो, आता निरीक्षणाच्या जोरावर गुन्हे उकलतो, आणि कुणाकडेच अशी शक्ती नसते असं तोच बजावून सांगतो. ‘मिडियम’मध्ये शक्ती खरी आहे, एवढं गृहीत धरूनच बसावं लागतं.

प्रत्येक भागाचा साचा ठरलेला असतो का?

हो, आणि तो साचा हीच या मालिकेची खरी करामत आहे.

सुरुवात स्वप्नाने. आपल्याला सांगितलं जात नाही की हे स्वप्न आहे. एखादा माणूस घरी येतो, बायकोशी दोन शब्द बोलतो, तळघरात उतरतो, आणि तिथे काहीतरी भयंकर. अ‍ॅलिसन दचकून उठते. घामाघूम. शेजारी नवरा झोपलेला, घड्याळात रात्रीचे तीन-साडेतीन. मग शीर्षक. त्यानंतर थेट सकाळचं स्वयंपाकघर: कुणाचा मोजा सापडत नाहीये, कुणाला डब्यातलं आवडत नाहीये, एकीची शाळेची गाडी चुकायला आली आहे. आणि या गोंधळात या बाईच्या डोक्यात रात्रीचं प्रेत.

दिवसभरात एक प्रकरण कचेरीत येतं आणि त्याचा धागा स्वप्नाशी जुळतो. इथे एखादा सामान्य लेखक काय करेल? स्वप्नात खुनी दिसला, सकाळी पोलिसांना पत्ता दिला, संपलं. ‘मिडियम’च्या लेखकांनी एक नियम जवळजवळ शेवटपर्यंत पाळला आहे: स्वप्न चित्र दाखवतं, अर्थ सांगत नाही. अ‍ॅलिसनने पाहिलेलं खरंच असतं, पण तिने लावलेला अर्थ पहिल्यांदा बहुतेक वेळा चुकतो. जो माणूस बळी वाटला तो मारेकरी निघतो. जे आज घडतंय असं वाटलं ते वीस वर्षांपूर्वीचं असतं. कधी कधी ती ज्याच्या डोळ्यांनी पाहत असते तोच माणूस तिने चुकीचा ओळखलेला असतो. मग दुसऱ्या रात्री तेच स्वप्न थोडं पुढे सरकतं, एक दार जास्त उघडतं, एक चेहरा वळतो.

म्हणजे तपास शेवटी करावाच लागतो. जुन्या फायली, साक्षीदार, दवाखान्यातल्या नोंदी, सगळं. दिव्यशक्ती असूनही नायिका चाळीसेक मिनिटांपैकी तीस मिनिटं चुकीच्या माणसाच्या मागे असते, आणि म्हणूनच आपण बघत राहतो.

हे खऱ्या बाईवर आधारित आहे म्हणतात, ते खरं का?

अ‍ॅलिसन दुब्वा हे खऱ्या बाईचं नाव आहे. १९७२ साली फिनिक्समध्येच जन्म, अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत राज्यशास्त्राचं शिक्षण, फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येतं तिथल्या सरकारी वकिलांच्या कचेरीत उमेदवारी. नवरा जो, विमान आणि अवकाश क्षेत्रातला इंजिनियर. तीन मुली. इथपर्यंत मालिका आणि वास्तव हातात हात घालून चालतात.

मालिका जन्माला येण्यामागे अभिनेता केल्सी ग्रामर यांची निर्मिती कंपनी होती. मृतांशी बोलू शकतो म्हणणाऱ्या लोकांवर एक कार्यक्रम करायचं त्यांच्या मनात होतं, त्यात ही अ‍ॅलिसन भेटली. कार्यक्रम काही उभा राहिला नाही, पण तिच्या घरगुती आयुष्याची गोष्ट कॅरन यांच्यापर्यंत पोहोचली. नवराबायकोची बोलाचाली लिहिण्यात या माणसाचा हातखंडा, ते मघाचं ‘मूनलायटिंग’ आठवा. भुतांपेक्षा त्यांना त्या घरात जास्त रस वाटला असणार, हा माझा तर्क. पडद्यावर तरी तसंच दिसतं.

२००५ मध्येच या बाईंनी स्वतःचं पुस्तकही काढलं. मालिकेतली प्रकरणं मात्र लेखकांनी रचलेली आहेत. ‘सत्यघटनेवर आधारित’ ही पाटी तिच्या कुटुंबाच्या चौकटीपुरती समजावी.

एक छोटी गंमत: मॅरिकोपात या सरकारी वकिलाला ‘काउंटी अ‍ॅटर्नी’ म्हणतात. मालिकेत मात्र देव्हालोस साहेब ‘डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी’ आहेत, कारण अमेरिकेतल्या इतर बऱ्याच ठिकाणी हेच नाव रुळलेलं.

पहिल्या भागातला टेक्सासचा किस्सा घडला होता का?

पहिल्या भागात जो बायकोच्या स्वप्नांचं टिपण काढून आसपासच्या राज्यांतल्या पोलिसांना पाठवतो. हेतू हा की एकदा कुणीच उत्तर दिलं नाही की विषय संपेल. पण टेक्सासहून फोन येतो. एका लहान मुलाचं प्रकरण, तपशील जुळतात, अ‍ॅलिसन तिकडे जाते आणि कॅप्टन पुश (आर्लिस हॉवर्ड) नावाच्या खडूस रेंजरशी, म्हणजे टेक्सासच्या राज्य तपास पोलिसाशी, तिची गाठ पडते. भाग म्हणून झकास आहे.

खऱ्या अ‍ॅलिसननेही टेक्सास रेंजर्सना मदत केल्याचं सांगितलं आहे. टेक्सास रेंजर्सनी ते नाकारलं. माझ्या लेखी हा विषय इथे संपतो. मदत घेतली नाही असं ती यंत्रणाच सांगत असेल, तर ती झाल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर पडते.

तिची शक्ती कुणी तपासली होती का?

टूसॉनच्या युनिव्हर्सिटी ऑफ अ‍ॅरिझोनामधले मानसशास्त्रज्ञ गॅरी श्वार्ट्झ यांनी मृतांशी बोलण्याचा दावा करणाऱ्या काही जणांवर प्रयोग केले, त्यात खरी अ‍ॅलिसनसुद्धा होती. त्यांचा निष्कर्ष अनुकूल होता. त्यावर रे हायमन यांनी २००३ मध्ये सविस्तर टीका केली. हायमन स्वतः मानसशास्त्रज्ञ, तरुणपणी हात बघून भविष्य सांगण्याचे खेळ करणारे, त्यामुळे आतल्या खाचाखोचा त्यांना ठाऊक होत्या. त्यांचा मुख्य आक्षेप असा की ज्याच्याबद्दल सांगितलं जातंय तोच माणूस ‘हे जुळलं, हे नाही जुळलं’ असे गुण देत होता. ‘तुमच्या वडिलांकडच्या कुणाचं तरी छातीचं दुखणं’ हे वाक्य ऐकून आपल्यापैकी कोण नाही म्हणेल?

अशा दाव्यांची पोल खोलणारे जादूगार जेम्स रँडी यांच्या संस्थेचं दहा लाख डॉलरचं आव्हान तर वर्षानुवर्षं खुलं होतं: दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या चाचणीत शक्ती दाखवा आणि पैसे घेऊन जा. कुणीही ते जिंकलं नाही. आपल्याकडेही हा प्रयोग झालेला आहे, फक्त ज्योतिषावर. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी २०० मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या, शंभर हुशार आणि शंभर मतिमंद. कुठली कुंडली कुठल्या गटातली ते ज्योतिषांनी सांगायचं होतं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. यश सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आलं असतं.

मग अमेरिकेत पोलीस खरंच अशा लोकांची मदत घेतात का?

कधीकधी हे लोक स्वतःहून फोन करतात आणि पोलिसांना ऐकून घ्यावं लागतं, विशेषतः हरवलेल्या मुलांच्या प्रकरणात. मुलाच्या आईने एखाद्या दिव्यदृष्टीवाल्याला आणलं तर तिला हाकलून द्यायला कुणाची छाती होते?

उपयोग होतो का, हे लॉस एंजेलिस पोलिसांनी तपासून पाहिलं. त्यांच्याकडचे मानसशास्त्रज्ञ मार्टिन रायझर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये निष्कर्ष छापले. बारा अतींद्रिय शक्तीवाले, चार गुन्हे, त्यातले दोन उकललेले आणि दोन न उकललेले. प्रत्येकाच्या हातात गुन्ह्याशी संबंधित वस्तू दिल्या आणि काय जाणवतं ते सांगायला लावलं. तपासाला उपयोगी पडेल असं काहीच मिळालं नाही. पुढच्या प्रयोगात याच कामाला विद्यार्थी आणि खुनाचा तपास करणारे पोलीसही बसवले. अतींद्रियवाल्यांनी इतरांपेक्षा खूपच जास्त माहिती सांगितली. बरोबर निघण्यात मात्र ते कुणाच्या पुढे नव्हते. भरपूर बोलायचं म्हणजे काहीतरी लागतंच, हे तंत्र आपल्या गावाकडच्या देवऋषीलाही चांगलं अवगत असतं.

आणि चुकलं तर किंमत कोण मोजतं? अमेरिकेत सिल्व्हिया ब्राउन नावाची प्रसिद्ध बाई टीव्हीवर बसून लोकांना त्यांच्या हरवलेल्या माणसांबद्दल सांगायची. २००४ मध्ये तिने क्लीव्हलंडच्या एका आईला सांगितलं की तुझी मुलगी आता जिवंत नाही. आई २००६ मध्ये वारली. मुलगी मे २०१३ मध्ये जिवंत सापडली. त्याच शहरात एका घरात तिला डांबून ठेवलं होतं.

‘मिडियम’ बघताना मला हे प्रकरण सारखं आठवतं. पडद्यावरची अ‍ॅलिसन चुकली की चुकल्याचं तिला कळतं, ती झोप उडवून घेते, पुन्हा फायलीत डोकं घालते. टीव्हीवर बसून उत्तरं देणाऱ्यांना पुढच्या आठवड्यात पुढचा प्रेक्षक असतो.

समजा एखाद्याला खरंच दिसलं. त्याने पोलिसांना सांगितलं तर काय होईल?

सर्वात आधी त्यालाच धरतील! आणि हे मी थट्टेने म्हणत नाही. १९८० च्या डिसेंबरात लॉस एंजेलिस भागात एक नर्स बेपत्ता झाली. लॉकहीड कंपनीत काम करणाऱ्या एका बाईने पोलिसांना सांगितलं की मला मृतदेह दिसला, डोंगराळ भागात आहे. मग ती स्वतः शोधायला गेली आणि मृतदेह सापडला. पोलिसांनी तिला संशयित म्हणून आत टाकलं, चार दिवस. पुढे तीन पुरुषांना त्या खुनासाठी शिक्षा झाली. बाईने शहरावर दावा लावला आणि १९८७ मध्ये तिला सुमारे २६ हजार डॉलर भरपाई मिळाली.

दिव्यदृष्टीचा पुरावा म्हणून हे प्रकरण नेहमी पुढे केलं जातं. एका घटनेवरून असं काही सिद्ध होत नाही. पण पोलीस कसा विचार करतात ते मात्र त्यातून लख्ख दिसतं: जे फक्त गुन्हेगाराला माहीत असायला हवं ते तुला कसं माहीत? कुठल्याही देशातला चांगला तपास अधिकारी हाच प्रश्न विचारेल.

मालिकेला हे भान आहे. म्हणून देव्हालोस (मिगेल सँडोव्हल) तिची ओळख लपवून ठेवतात. झडतीचं वॉरंट हवं असेल तर न्यायाधीशापुढे ‘आमच्या बाईंना स्वप्न पडलं’ असं म्हणता येत नाही, सबळ कारण दाखवावं लागतं. त्यामुळे डिटेक्टिव्ह ली स्कॅनलन (डेव्हिड क्यूबिट) याचं निम्मं काम म्हणजे स्वप्नात दिसलेल्या गोष्टीपर्यंत पोहोचणारा दुसरा, कागदावर चालेल असा रस्ता शोधणं. तिसऱ्या सीझनच्या शेवटी तिचं गुपित फुटतं, आणि मग देव्हालोसांची खुर्चीच जाते. बचाव पक्षाच्या वकिलांच्या हाती हे लागलं तर किती जुने निकाल डळमळतील याचा विचार करा. मला वाटतं लेखकांनी हा धागा आणखी ताणायला हवा होता. चौथ्या सीझनमध्ये ते लवकर सावरासावर करून मोकळे झाले.

भारतात असं काही चालेल का?

न्यायालयात अजिबात नाही. स्वप्न सोडाच, विज्ञानाचं नाव लावलेल्या मन वाचण्याच्या पद्धतींनाही सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये लगाम घातला: नार्को, ब्रेन मॅपिंग, पॉलिग्राफ या चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत. त्याच्या दोनच वर्षं आधी, २००८ मध्ये, पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या अशाच चाचणीच्या अहवालाचा आधार घेतला होता आणि त्याची चर्चा जगभर झाली होती.

पुण्याचंच दुसरं उदाहरण जास्त बोचरं आहे. आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध लढलेल्या डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घालून खून झाला. त्या खुनाच्या तपासात पोलिसांनी प्लँचेटचा आधार घेतला असा आरोप २०१४ मध्ये एका नियतकालिकातून झाला. तत्कालीन पोलीस आयुक्तांनी तो साफ नाकारला. तपास तोवर सीबीआयकडे गेलेला होता. १० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोन मारेकऱ्यांना जन्मठेप दिली आणि तिघांना सोडलं. निकाल लागला तो साक्षी-पुराव्यांवर.

अशी मालिका अंधश्रद्धा पसरवत नाही का? घरात वाद झाला.

वाद होऊ द्या, चांगलं आहे. माझं मत सांगते. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याचा रोख लोकांना फसवणाऱ्या, लुबाडणाऱ्या, छळणाऱ्या माणसांवर आहे. कथा सांगणाऱ्यांवर नाही. ‘मिडियम’मध्ये अ‍ॅलिसन कुणाकडून दक्षिणा घेत नाही, गंडेदोरे देत नाही, कुणाला आजाराचं औषध थांबवायला सांगत नाही. तिला पगार मिळतो, तोही बेताचाच.

खटकतं ते वेगळंच. पडद्यावर बघून सासूबाईंना वाटू लागतं की ‘असतं असं कुणाकुणाला’. तेव्हा टीव्ही बंद करण्यापेक्षा त्यांना क्लीव्हलंडची गोष्ट सांगा.

जो हा इतका लोकप्रिय का आहे? तो तर काहीच करत नाही.

तो सगळंच करतो! जेक वेबरने उभा केलेला हा नवरा टीव्हीवरच्या नवऱ्यांमध्ये माझा सर्वात आवडता. गणितावर विश्वास असलेला इंजिनियर, आणि बायको रात्री तीनला उठून म्हणते की आपल्या गल्लीतल्या माणसाने बायकोला मारलंय. त्याचं पहिलं वाक्य बहुधा ‘झोप आता’ या अर्थाचं असतं. दुसरं वाक्य: ‘बरं, काय काय दिसलं, नीट सांग.’

तो प्रत्येक वेळी विश्वास ठेवतो असं नाही. शंका काढतो, चिडतो, ‘मला उद्या सकाळी मीटिंग आहे’ म्हणतो. पण बायको वेडी आहे असं तो कधी म्हणत नाही. आणि मुद्दाम लक्ष द्या: अनेक प्रकरणांत स्वप्नाचा खरा अर्थ अंथरुणावरच्या या गप्पांतूनच सुटतो, कारण तो साधा प्रश्न विचारतो. ‘तो माणूसच तो आहे हे तुला कसं कळलं? त्याचा चेहरा दिसला का?’

शिवाय या घरात पैशांची चणचण खरी आहे. जोची नोकरी जाते, तो स्वतःच्या शोधासाठी भांडवल हुडकत फिरतो, हप्ते थकतात. मृतात्म्यांशी बोलणाऱ्या बाईला लॉटरीचे आकडे का दिसत नाहीत, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो लेखकांच्याही मनात येऊन गेला आहे.

मुलींकडेही ती शक्ती आहे का?

आहे. थोरली एरियल (सोफिया व्हॅसिलिएव्हा), मधली ब्रिजेट (मारिया लार्क), धाकटी मरी. तिघींनाही कमी-जास्त. अ‍ॅलिसनचा सावत्र भाऊ मायकल ऊर्फ लकी (रायन हर्स्ट) यालाही, फक्त त्याने ती दारूत बुडवायचा प्रयत्न केलेला. तेव्हा हे घराण्यातच चालत आलेलं.

एरियलच्या कथा मला सर्वात अस्सल वाटतात. किशोरवयात अंग बदलतं ते पुरेसं असतं, त्यात वर्गातल्या मुलाचं मरण स्वप्नात दिसायला लागलं तर? आईला सगळं कळतं ही तक्रार प्रत्येक मुलीची असते, इथे ती शब्दशः खरी. ब्रिजेट मात्र निव्वळ धमाल. मोठ्या माणसांच्या गंभीर वाक्यानंतर ती जे काही बोलते त्यासाठी काही भाग मी दोनदा पाहिले आहेत.

पॅट्रिशिया आर्केटला पुरस्कार मिळाला होता ना?

हो, याच भूमिकेसाठी २००५ चा एमी, नाट्यमालिकेतली सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. पुढे २०१५ मध्ये सहाय्यक भूमिकेचं ऑस्करही. तिची अ‍ॅलिसन झोपेतून उठते तेव्हा झोपेतून उठल्यासारखीच दिसते, सुजलेले डोळे, विस्कटलेले केस. आपल्याकडच्या मालिकांत रात्रीच्या झोपेतही टिकली आणि लिपस्टिक जागच्या जागी असते, त्यामुळे हे आवर्जून सांगावंसं वाटलं.

लक्षात राहणारे खलनायक आणि पाहुणे कोण?

डॉ. चार्ल्स वॉकर (मार्क शेपर्ड). एकोणिसाव्या शतकातला डॉक्टर, मेल्यावरही थांबला नाही. जिवंत डॉक्टरांच्या कानाशी लागून त्यांच्याकडून खून करवतो. त्याचे भाग एकट्याने, रात्री बघू नका. चौथ्या सीझनमध्ये अँजेलिका ह्यूस्टन येते, हरवलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या खासगी तपासनिसाच्या भूमिकेत, आणि तिच्याभोवती मालिकेची हवाच बदलते. निर्माते केल्सी ग्रामर स्वतः एका भागात मृत्यूचा दूत म्हणून डोकावतात.

तो चष्मा घालून बघायचा भाग कुठला?

दुसऱ्या सीझनमधला, २१ नोव्हेंबर २००५ ला दाखवलेला. काही दृश्यं थ्रीडीत होती आणि लाल-निळे चष्मे अमेरिकेतल्या टीव्ही मासिकातून वाटले गेले. आज साध्या पडद्यावर बघितलंत तरी कथेचं काही बिघडत नाही.

मध्येच वाहिनी का बदलली?

पाच सीझननंतर, मे २००९ मध्ये, एनबीसीने हात वर केले. पण मालिका बनवणारा स्टुडिओ सीबीएसचाच होता, त्यामुळे त्यांनी ती लगेच उचलली. २५ सप्टेंबर २००९ पासून दर शुक्रवारी. पाचवा सीझन अ‍ॅलिसन मेंदूतल्या गाठीमुळे कोमात जाते तिथे संपला होता. दुसऱ्या वाहिनीने घेतली नसती तर बाई कायमची तिथेच राहिली असती. सातव्या सीझनला मात्र कात्री लागली आणि तेरा भागांत गाशा गुंडाळला.

सगळे १३० भाग बघायलाच हवेत का? कुठून सुरुवात करू?

पहिल्यापासून. पहिला सीझन सोळाच भागांचा आहे. त्यातले पहिले तीन-चार बघून जो आणि अ‍ॅलिसनची बोलाचाली आवडली नाही, तर पुढेही आवडणार नाही, खुशाल सोडा. आवडली तर दुसरा आणि तिसरा सीझन सलग. सहाव्यात काही भाग ओढूनताणून आणलेले वाटतात, तिथे उड्या मारल्यात तरी चालेल. पाचव्याचा शेवट आणि सहाव्याची सुरुवात सोडू नका.

मुलांबरोबर बघता येईल?

दहा-बारा वर्षांच्या आतल्या मुलांबरोबर नको. घरातली दृश्यं गोड आहेत म्हणून फसगत होते, पण सुरुवातीची दोन मिनिटं फार क्रूर असू शकतात आणि बळी अनेकदा लहान मुलं असतात. अमेरिकेत ती सुरुवातीला रात्री दहाला लागायची, ते उगाच नव्हे.

शेवट काय होतो? (मालिका बघायची असेल तर हे उत्तर सोडून पुढे जा.)

जो विमान अपघातात जातो. मग कथा सात वर्षं पुढे उडी मारते. अ‍ॅलिसन आता स्वतः वकील आहे, आणि तिला स्वप्नं पडू लागतात की जो मेक्सिकोत जिवंत आहे, स्मृती गेलेला. ती त्याला शोधून काढते. आणि मग कळतं की हे सगळंच स्वप्न होतं, अपघाताच्या रात्रीचं, आणि जो खरोखर गेला आहे. त्यानंतर आणखी उडी, एक्केचाळीस वर्षांची. म्हातारी अ‍ॅलिसन शेवटचा श्वास घेते आणि जो तिला न्यायला येतो.

चाहत्यांचे तेव्हा दोन तट पडले, आजही आहेत. सात सीझन ज्या घराला जीव लावला त्याचा कर्ताच मारायचा, तोही तासाभरात, यावर अनेकजण अजून चिडलेले आहेत. मी दुसऱ्या तटात. पहिल्या भागापासून प्रेक्षकाला फसवायचं एकच हत्यार या मालिकेकडे होतं, स्वप्न आहे हे न सांगता स्वप्न दाखवायचं. शेवटी त्यांनी ते अ‍ॅलिसनवरच उगारलं. आणि इतरांच्या मेलेल्यांना भेटणाऱ्या बाईला आपल्या माणसासाठी मात्र इतरांसारखीच वाट बघावी लागते. फक्त मेक्सिकोचा भाग फार घाईत उरकला आहे, तिथे एक अख्खा भाग हवा होता.

‘मिडियम’ संपली. आता काय बघू?

नवराबायकोचं नातं आवडलं असेल तर त्या तोडीचं या प्रकारात फारसं नाही. आत्मे आणि डोळ्यांत पाणी हवं असेल तर ‘घोस्ट व्हिस्परर’ (२००५ ते २०१०); सीबीएसवर शुक्रवारी या दोघी लागोपाठ लागायच्या, पण तिच्यात साखर जास्त आहे. हसायचं असेल तर ‘साइक’ (२००६ ते २०१४): निरीक्षण तल्लख असलेला एक उनाड मुलगा पोलिसांचा संशय टाळायला आपण अतींद्रिय असल्याची थाप मारतो आणि मग ती निभावत बसतो. सुरुवात त्यानेच करा, ‘मिडियम’नंतर दोन रात्री जरा हलकं काहीतरी लागतं.